जॉन मॅकटिअर्ननचे सिनेमे: क्रम लावायला मदत हवी आहे

मंडळी,

आमचं टोळकं शनिवारी रात्री एकाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बसतं. एक दिग्दर्शक धरायचा आणि त्याच्या पडेल सिनेमापासून सुरुवात करून चढत चढत उत्तमापर्यंत जायचं, अशी रीत आहे. या खेपेला जॉन मॅकटिअर्नन माझ्या गळ्यात पडलाय. १९८६ चा 'नोमॅड्स' ते २००३ चा 'बेसिक', एकूण अकरा सिनेमे. त्यानंतर गड्याने एकही सिनेमा केलेला नाही. म्हटलं, यादी आटोपशीर आहे, अर्ध्या तासात क्रम लावून मोकळा होईन. कसलं काय!

मी एकच कसोटी धरली आहे. गोळ्या किती सुटल्या, गाड्या किती उडाल्या हे मोजायचं नाही. पडद्यावर गोंधळ माजलेला असताना कोण कुठे आहे, कुणाच्या वर आहे, दार कुठल्या बाजूला आहे हे आपल्याला कळतं का? माझ्या मते या माणसाची खरी करामत हीच आहे. हल्लीचे मारधाडपट बघताना मला अर्धा वेळ कोण कुणाला मारतोय तेच समजत नाही, त्यामुळे ही कसोटी मला जास्तच प्रिय असेल.

तळाला काही वाद नाही. 'रोलरबॉल' (२००२) शेवटचा. १९७५ च्या सिनेमाचा रिमेक, आणि मधला एक अख्खा पाठलाग रात्री दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या हिरव्या रंगात. ज्या माणसाने एकेकाळी अख्खी इमारत प्रेक्षकांना पाठ करून दिली, त्याला एका गोल रिंगणात कोण कुठे आहे ते दाखवता आलेलं नाही. या सिनेमाच्या पडद्यामागची भानगड सिनेमाहून रंगतदार आहे. खाजगी गुप्तहेर लावून निर्मात्याचे फोन ऐकण्याचं ते प्रकरण. त्यात एफबीआयशी खोटं बोलल्याबद्दल मॅकटिअर्नन २०१३ मध्ये तुरुंगात गेला आणि २०१४ मध्ये सुटला.

त्याच्या वर 'बेसिक' आणि 'मेडिसिन मॅन' (१९९२). शॉन कॉनरीची शेंडी सोडली तर दुसऱ्यातलं मला फारसं काही आठवत नाही.

इथून पुढे अडलंय. 'लास्ट अ‍ॅक्शन हीरो' (१९९३) कुठे ठेवू? 'द थर्टीन्थ वॉरियर' (१९९९) मॅकटिअर्ननचा धरायचा की मायकल क्रायटनचा? कादंबरी क्रायटनची, आणि सिनेमा रेंगाळल्यावर बराच भाग पुन्हा चित्रित केला तोही क्रायटननेच. 'नोमॅड्स' मी पाहिलेलाच नाही, तो पाहावा का?

आणि खरा पेच पहिल्या तिघांचा. 'डाय हार्ड' (१९८८) पहिला, हे कुणीही सांगेल. पण माझ्याच कसोटीवर 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' (१९९०) हा 'प्रेडेटर'च्या (१९८७) वर जायला हवा. समुद्राच्या पोटात ना भिंत, ना रस्ता, ना खूण. तरी कुठली पाणबुडी कुणाच्या मागे आहे हे एकदाही चुकत नाही. उलट 'प्रेडेटर'मध्ये जंगलात माणसांची शिकार करणारा, दिसेनासा होणारा परग्रहवासी शत्रू कुठे आहे हे कळत नाही, हीच तर सगळी गंमत. मग कसोटी फेकून द्यायची की 'प्रेडेटर'ला तिसरा करायचा? तिसरा केला तर आमच्यातले दोघे मला घरात घेणार नाहीत.

जाणकारांनी उजेड पाडावा.

गच्चीवरून:
'डाय हार्ड'ला हात लावाल तर याद राखा.

कसोटी आवडली. तुमच्या बाजूने एक पुरावा देतो. अर्धवट बांधलेल्या मजल्यावरून नायक मॅक्लेन पळतो तेव्हा भिंतीवर एका बाईचं चित्र चिकटवलेलं दिसतं. तो जाता जाता मान वळवून बघतो, आपण हसतो. पुढे जिवाच्या आकांताने धावताना तेच चित्र पुन्हा येतं आणि आपल्याला चटकन कळतं, अरे, हा मघाच्याच मजल्यावर आलाय. पाटी नाही, संवाद नाही. विनोद म्हणून आणलेली वस्तू मैलाचा दगड होऊन बसते.

घड्याळाचंही तसंच. सुरुवातीला त्याच्या बायकोचा, होलीचा, सहकारी तिला कंपनीने दिलेलं रोलेक्स मिरवायला सांगतो, तेव्हा नवरा-बायकोत काय बिनसलंय ते कळतं. शेवटी खलनायक हान्स ग्रूबर खिडकीबाहेर लोंबकळतो तो नेमका त्याच घड्याळाला धरून, आणि मॅक्लेन पट्ट्याची कडी सोडवतो. पाय अनवाणी का, तर विमानातल्या शेजाऱ्याने सल्ला दिला होता म्हणून. पुढे काचा. एकही वस्तू फुकट आणलेली नाही.

ती इमारत म्हणजे लॉस एंजेलिसचं फॉक्स प्लाझा, स्टुडिओचीच होती आणि काही मजले खरोखर अपुरे होते. आयतं घरचं मैदान मिळालं. आणि हान्स झालेल्या ॲलन रिकमनचा हा पहिला सिनेमा होता हे प्रत्येक वेळी नव्याने पटत नाही.

चहाबाज:
'डाय हार्ड २' राहिला की यादीत. विमानतळ, बर्फ, तो बर्फाच्या सुळ्याचा प्रसंग! मी तर तो तिसऱ्या नंबरवर ठेवीन.

धागाकर्ता:
चहाबाज, तो रेनी हार्लिनचा हो. त्या वेळी आपले साहेब 'रेड ऑक्टोबर'मध्ये बुडालेले होते. तिसऱ्या भागाला परत आले, 'डाय हार्ड विथ अ व्हेन्जन्स' (१९९५). तो माझ्याकडे सध्या चौथा आहे.

चहाबाज:
अरेच्चा. इतकी वर्षं केबलवर हिंदीत बघितलाय, नावं कोण वाचतंय! चौथा बरोबर आहे. तीन आणि पाच गॅलनच्या बाटल्यांतून चार गॅलन मोजायचं कोडं आमच्या क्लासच्या सरांनी फळ्यावर सोडवून दाखवलं होतं.

रात्रपाळी:
'प्रेडेटर'ची वकिली करायला आलोय.

धागाकर्ते, तुमची कसोटी फेकू नका, नीट लावून बघा. 'प्रेडेटर'मध्ये आपल्याला *एकच* गोष्ट माहीत नसते, तो कुठे आहे. बाकी सातही जण कुठे आहेत, कोण पुढे, कोण मागे, कोण एकटा पडला हे सगळं स्वच्छ दिसतं. तसं दिसलं नसतं तर भीती वाटलीच नसती. आणि मध्येच तो लाल-निळ्या उष्णतेचा पडदा येतो. तेवढ्या क्षणापुरतं आपण झाडावरून, वरून खाली बघतो. म्हणजे शिकाऱ्याची जागाही दिग्दर्शक सांगतो, फक्त खाली उभ्या असलेल्यांना सांगत नाही.

त्या सातांतला ब्लेन मेल्यावर सगळे मिळून जंगलावर गोळ्या झाडतात तो प्रसंग आठवा. झाडंच्या झाडं कोसळतात, बंदुका रिकाम्या होतात, आणि हाती लागतं काय? कुणीच नाही. एवढ्या दारूगोळ्याचा एवढा पोकळ आवाज दुसऱ्या कुठल्या मारधाडपटात ऐकलाय का? पुढे आर्नोल्डला वाचवतो तो अंगाची उष्णता झाकणारा चिखल.

जाता जाता: सुरुवातीचा छावणीवरचा हल्ला बघा, तो दुसऱ्या युनिटने चित्रित केलाय. धडाधड माणसं उडतात, कोण कुठून आलं काही कळत नाही. एकाच सिनेमात फरक उघडा दिसतो.

माझा क्रम: प्रेडेटर, डाय हार्ड, रेड ऑक्टोबर. दगड मारा.

खुसपटराव:
सगळे दिग्दर्शकाची आरती ओवाळताहेत म्हणून विचारतो. 'डाय हार्ड' आणि 'रेड ऑक्टोबर' दोन्हींचा कॅमेरा यान द बॉन्टचा. पुढे १९९४ मध्ये त्यानेच 'स्पीड' दिग्दर्शित केला. मग ही जी काही जागेची जाण म्हणताय, ती नक्की कुणाची?

रात्रपाळी:
खुसपटराव, नावाला जागलात. 'प्रेडेटर'चा कॅमेरा डोनाल्ड मॅकअल्पाइनचा आहे, तरी जाण तीच. 'व्हेन्जन्स'चा आणखी तिसऱ्याच माणसाचा. आणि द बॉन्टचाच 'स्पीड २' पाहून मग बोला.

खुसपटराव:
'स्पीड २' मध्ये आणणं म्हणजे कमरेखालचा वार. पण ठीक, मान्य.

अनघड:
तुम्ही सगळे वरच्या तिघांत अडकलाय आणि 'द थॉमस क्राउन अफेअर'चं (१९९९) नावही कुणी घेत नाही. धागाकर्त्यांच्या यादीतून तर तो गळालाच. मारामारी नाही म्हणून का?

शेवटचा म्युझियमचा प्रसंग बघा. दारं ठरलेली, कॅमेरे लावलेले, पोलीस जागोजागी. चित्र चोरणारा नायक क्राउन डोक्यावर गोल टोपी घालून उघड्यावर येऊन उभा राहतो. मग टोपीवाला दुसरा माणूस. मग तिसरा. बघता बघता जिकडे तिकडे तसाच कोट, तशीच टोपी, तशीच बॅग, आणि मागे नीना सिमोनच्या आवाजाची लय वाढत चाललेली. कोण कुठे आहे हे दाखवण्यात वाकबगार असलेला माणूस इथे मुद्दाम पत्ते पिसतो. रखवालदारांनी जागा पाठ केली आहे, त्याचाच त्यांना उपयोग नाही. ही तुमचीच कसोटी, उलटी धरलेली. चौथा नंबर याचा. 'व्हेन्जन्स'चा पहिला तास झकास आहे, टॅक्सी थेट सेंट्रल पार्कमधून घालतात ते तर फारच, पण शेवट म्हणजे बिल मागवून घाईने उठल्यासारखा. आधी चित्रित केलेला शेवट बदलून तो नंतर जोडला आहे आणि जोड दिसतो.

'थर्टीन्थ वॉरियर' मॅकटिअर्ननचा धराच. मी कारण देते. 'रेड ऑक्टोबर'मध्ये कप्तानाच्या केबिनमध्ये दोघे रशियन बोलत असतात. राजकीय अधिकारी पुस्तकातला उतारा वाचू लागतो (आडनाव पुतिन! १९९० साली कुणाच्या लक्षात येणार), कॅमेरा सावकाश त्याच्या ओठांपर्यंत जातो, आणि मागे येतो तेव्हा तो इंग्रजीत वाचत असतो. तिथून पुढे सगळे रशियन इंग्रजी बोलतात आणि आपली तक्रार नसते. आता 'वॉरियर'मधली शेकोटी बघा. नायक इब्न फदलान हा अरब, परक्या योद्ध्यांमध्ये रात्रीमागून रात्री नुसता ऐकत बसतो. चेहरे, ओठ, हसणं. न कळणाऱ्या बोलण्यात एखादा कळणारा शब्द येऊ लागतो, मग दोन, मग अर्धं वाक्य. एक दिवस त्याच्या आईवरून कुणी काही बोलतं आणि हा पठ्ठ्या त्यांच्याच भाषेत उत्तर देतो. सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी. हे दोन प्रसंग एकाच डोक्यातून आलेत. गुहेतली लढाई फसली आहे, ती हवी तर क्रायटनच्या खात्यात टाका.

गच्चीवरून:
अनघड, +१. शेकोटीसाठी सहावा नंबर तरी द्याच.

चहाबाज:
'लास्ट अ‍ॅक्शन हीरो'ला कुणी वाली आहे का? बिचारा 'ज्युरासिक पार्क'नंतर आठवड्याभरात लागला आणि डायनोसॉरच्या पायाखाली गेला. पण जादूच्या तिकिटाची कल्पना आजही छान वाटते. पोराच्या मनातला हॅम्लेट आर्नोल्ड करतो तेव्हा माझं पोट दुखलं होतं.

अनघड:
कल्पना छान, सिनेमा वीस-पंचवीस मिनिटं लांब. मधल्या फळीत ठेवा. चार्ल्स डान्सचा काचेच्या डोळ्याचा खलनायक मात्र ऐटबाज.

रात्रपाळी:
'नोमॅड्स'बद्दल: पियर्स ब्रॉस्नन फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ आहे, सुरुवातीलाच इस्पितळात मरतो आणि त्याच्या आठवणी डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात शिरतात. ब्रॉस्ननचे फ्रेंच उच्चार ऐकून तुमचे मित्र खिदळतील. कथा धड पोचत नाही. तरी रिकाम्या रस्त्यावर चामडी जाकिटातली माणसं नुसती उभी असतात आणि आपल्याला अस्वस्थ वाटतं, ती शाळा पुढे 'प्रेडेटर'मध्ये कामाला आली असं मला वाटतं. पहिल्या शनिवारी हाच लावा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. 'थॉमस क्राउन' खरंच माझ्या लिहिण्यातून निसटला होता. अनघड, रात्री तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. हरलो.

रात्रपाळींचा मुद्दाही पटला, कसोटी शाबूत आहे. तरी मी 'रेड ऑक्टोबर'ला दुसरा ठेवतोय. एकच कारण सांगतो. रशियन कप्तान मागे कुणी लपलंय का हे बघायला अचानक वळतो, त्या 'क्रेझी आयव्हन'चा नियम सिनेमा आपल्याला आधी शिकवतो. पुढे टॉर्पीडो अंगावर येत असताना 'रेड ऑक्टोबर'चा कप्तान रामियस पळायचं सोडून पाणबुडी थेट त्याच्याच दिशेने वळवतो. अंतर इतकं कमी करतो की टॉर्पीडो जिवंत व्हायला वेळच मिळत नाही. माणसं बसून आकडे ऐकताहेत आणि मी सोफ्याचा हात धरून बसलो होतो. नुसत्या अंतरावर एवढा ताण उभा करणारा प्रसंग मला 'प्रेडेटर'मध्ये सापडला नाही. चिखल मान्य करूनही.

तर सध्या वरून खाली असं: डाय हार्ड, रेड ऑक्टोबर, अगदी थोडक्यात मागे प्रेडेटर, मग थॉमस क्राउन, व्हेन्जन्स, वॉरियर, लास्ट अ‍ॅक्शन हीरो. त्याखाली मेडिसिन मॅन, बेसिक आणि रोलरबॉल. 'नोमॅड्स' कुठे बसतो ते शनिवारी बघून कळवतो. 'रोलरबॉल' लावणारच नाही, त्या दिवशी नुसतं जेवण ठेवू.

रात्रपाळी:
तिसरा. बरं. त्या तुमच्या दोन मित्रांचा हा धागा बघायचा योग येऊ नये, एवढंच म्हणतो.

खुसपटराव:
'मेडिसिन मॅन' 'बेसिक'च्या वर कसा काय?