मदत हवी आहे: ऑलिव्ह ऑइल घशाला झोंबतंय

घाईत_आहे: पाच लिटरचा कॅन आणला, काल उघडला. कोशिंबिरीवर घातलं तर आईला ठसकाच लागला, घसा अजून खवखवतोय म्हणते. तेल खराब निघालं का? परत घेतील का? प्लीज लवकर सांगा.

तळेगावकर: कुठलं तेल? एक्स्ट्रा व्हर्जिन की पोमेस (चोथ्यातून काढलेलं)? कधीचं? आम्ही काय कुंडली मांडायची?

सुगरण७२: कशाला ती परदेशी थेरं! लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणा.

घाईत_आहे: ताई, मी स्पेनमध्ये हाएनला राहतो, इथे कुठला लाकडी घाणा! गावातल्या सहकारी गिरणीतून घेतलंय, एक्स्ट्रा व्हर्जिन, याच नोव्हेंबरचं. आईला कोलेस्टेरॉल आहे.

तळेगावकर: अहो, हे आधी सांगायचं ना! हाएन म्हणजे पिकुआल जातीची ऑलिव्हं, त्यात हंगामाच्या सुरुवातीची हिरवी फळं. कडू आणि घशाशी तिखट लागणारच. ती झोंब तेलातल्या ओलिओकॅन्थाल या घटकाची, ताज्या तेलाची खूण. छोट्या पेल्यात थोडं घ्या, वर हात ठेवून झाका, तळव्याने कोमट करा आणि वास घ्या. ओल्या गवताचा आला तर उत्तम. जुन्या अक्रोडासारखा खवट आला तर खुशाल परत करा.

मधुरा_के: केसांना लावलं तर चालतं का? कोंडा आहे.

शंकासुर: हृदयाला चांगलं वगैरे जाहिरातबाजी आहे. ऑलिव्ह ऑइलवाला आहार आणि हृदयविकार यांवरचा २०१३ चा तो स्पेनमधला प्रेडिमेड अभ्यास मागे घ्यावा लागला होता.

डॉक्टरीणबाई: अर्धंच सांगताय. काही केंद्रांवर लोकांची गटवारी नीट झाली नव्हती, म्हणून २०१८ मध्ये मागे घेतला आणि नव्याने विश्लेषण करून त्याच वर्षी पुन्हा छापला. निष्कर्ष साधारण तोच राहिला. पण अभ्यासातली ती माणसं वरणभातावर ऑलिव्ह ऑइल ओतून थांबत नव्हती हो! कडधान्यं, मासे, भाज्या, सुकामेवा, सगळं होतं. @घाईत_आहे, आईंचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती? गोळी चालू असेल तर तेलाच्या भरवशावर बंद करू नका.

घाईत_आहे: एलडीएल १६२, गोळी चालू आहे. वास गवताचाच येतोय. यात पुऱ्या तळल्या तर चालतील?

तळेगावकर: तळा की. तुमच्या अंदालुसियात मासे त्यातच तळतात. धूर १९० अंशांच्या आसपास सुरू होतो, त्याआधी आच कमी करा. आणि कॅन गॅसशेजारी ठेवू नका.

डॉक्टरीणबाई: कोलेस्टेरॉलसाठी पुऱ्या??

सुगरण७२: शेंगदाणा तेलात फुगतातही छान.

मधुरा_के: केसांचं कुणी सांगेल का?