पिंग करतो म्हणजे नक्की काय करतो?

आजोबा: चिन्मयने लिहिलंय, "पोचलो की पिंग करतो." शब्दकोशात पाहिलं तर बंदुकीच्या गोळीचा आवाज असा अर्थ दिलाय. पोरगा निघालाय तरी कुठे?

चिन्मय: हाहा आजोबा, मेसेज करतो म्हणालो हो.

सुधाआत्या: मग तसं लिही की.

रश्मीताई: शब्दकोश बरोबर आहे, आजोबा. मुळात तो नुसता आवाजच. गोळी धातूवर आपटली की होतो तो. आपलं 'टण्', त्यांचं 'पिंग'. पिंगपाँगही त्यातलंच, चेंडूच्या आवाजावरून.

सुधाआत्या: गोळीतून मेसेज कसा काय निघाला?

रश्मीताई: मध्ये पाणबुडी आहे. सोनार (सोनं घडवणारा नव्हे, आवाजाने पाण्यातल्या वस्तू शोधायचं यंत्र) चालवणारे पाण्यात आवाज सोडतात, तो कशावर तरी आदळून परत येतो. त्यालाही पिंगच म्हणायला लागले.

नंदूकाका: पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. २ सेकंदांनी परत आला तर वस्तू दीड किलोमीटरवर. तीन नाही हं, जाऊन-येऊन आहे.

चिन्मय: नेट गेलं की आम्ही पिंग मारतो, ते?

रश्मीताई: ते माइक मूसचं. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबमध्ये होता. डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्क विचित्र वागत होतं, म्हणून बसला आणि एका रात्रीत प्रोग्राम लिहून काढला, हजारेक ओळींचा. या मशीनने माहितीचं छोटं पुडकं, म्हणजे पॅकेट, पाठवायचं, त्या मशीनने ते परत धाडायचं, मधला वेळ मोजायचा. तत्त्व सोनारचं, म्हणून नावही सोनारच्या आवाजाचं. त्यानेच लिहून ठेवलंय.

चिन्मय: पण ते 'पॅकेट इंटरनेट ग्रोपर'चं लघुरूप आहे ना? आम्हाला तसंच शिकवलंय.

रश्मीताई: मागाहून चिकटवलेलं. बारसं आधी झालं, फोड नंतर.

नंदूकाका: एका पठ्ठ्याने तर प्रत्येक उत्तराला कॉम्प्युटर मोठ्याने 'पिंग' म्हणेल अशी सोय केली आणि इमारतभर केबलचे जोड हलवत हिंडला. आवाज थांबला तिथे जोड ढिला!

आजोबा: म्हणजे हाक मारायची आणि 'ओ' येते का बघायचं. मग सरळ हाक मारतो म्हणावं.

सुधाआत्या: दुपारपासून मी चिन्मयला तीन हाका मारल्यात. निळ्या खुणा दिसतायत, ओ काही नाही.

चिन्मय: ओ, आत्या.