गाडीच्या अलॉय चाकांवरची काळी पूड निघतच नाही, काय करू?

कोथरूडकर: गाडी ३ वर्षांची आहे, पुढच्या दोन्ही अलॉयवर काळपट तपकिरी थर बसलाय, शाम्पूने घासलं तरी जात नाही. सोसायटीत बोअरचं पाणी, त्यामुळे बॉनेटवर पांढरे डागपण पडलेत. शेजारचे काका म्हणतात बाथरूमचं ॲसिड लाव. लावू का?

घाटवाला: ॲसिड अजिबात नको!! अलॉयवरचा क्लिअरकोट (वरचा पारदर्शक संरक्षक थर) जातो, मग चाक कायमचं पांढुरकं दिसतं, माझं एक असंच गेलंय आणि अजून जीव जळतो. ती पूड म्हणजे ब्रेक पॅड आणि डिस्कची झीज, त्यात लोखंडाचे कण असतात, ते गरम असतानाच चिकटतात आणि नंतर गंजतात म्हणून नुसत्या शाम्पूने निघत नाहीत. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण सोडवणारा स्प्रे) मिळतो, चाक पूर्ण थंड झाल्यावर सावलीत मारायचा, जांभळा रंग सुटला की मऊ ब्रशने फिरवून लगेच धुवायचं, वाळू द्यायचं नाही. चाकाची बादली आणि फडकं वेगळंच ठेव, नाहीतर तेच कण बॉडीवर ओरखडे पाडतात. धुतल्यावर जरा चक्कर मारून हळू ब्रेक दाबून घे, डिस्क सुकते.

पेठेतला: +१. पांढरे डाग क्षारांचे आहेत. साधं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मायक्रोफायबरवर घेऊन मिनिटभर, मग भरपूर पाणी. आणि यापुढे गाडी धुतली की लगेच पुसायची, उन्हात तर धुवायचीच नाही.

कोथरूडकर: थँक्यू, रविवारी सकाळी ऊन यायच्या आत करतो. काकांना पण सांगतो.