हप्ता कमी झाला तरी पूररेषा बघा

व्याज उतरलंय, आता सांगलीत दुसरा फ्लॅट घ्या, भाड्यात हप्ता निघेल, असं या चर्चेत वर एकानं म्हटलंय. पहिला भाग बरोबर आहे. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.५० वर आला. २५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा दर साडेनऊवरून साडेआठ झाला, तर महिन्याला साधारण सोळाशे रुपये वाचतात. पण तेवढ्यानं भाड्यात हप्ता निघत नाही. आणि ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या नव्वद टक्के मिळतात म्हणतात, ते बँकेनं धरलेल्या किमतीवर. मुद्रांक शुल्क, नोंदणी सहसा आपल्याच खिशातून.

चर्चेत कुणी पुराचं बोललंच नाही, म्हणून लिहितोय. माझा मेहुणा सांगलीच्या गावभागात तळमजल्याचा फ्लॅट बघत होता. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) आला तो हॉल-किचन सोडून आधी जिन्याखाली गेला, लाइटचे मीटर किती उंचीवर बसवलेत ते पाहिलं, मग शेजारच्या आजींना विचारलं, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" आजींनी खिडकीच्या वर हात दाखवला. व्हॅल्युएशन ठरलेल्या किमतीपेक्षा बरंच खाली आलं आणि फरक रोख उभा करायची वेळ आली. व्यवहार सोडला, माझ्या मते योग्यच केलं.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी विसार द्यायच्या आधी निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा बघावाच. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. भाडेकरूही इथं पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो.