बी.ए.ला किंमत आहे का? की ती विषयांच्या जोडीवर ठरते?

नीराकाठ (धागा सुरू करणारे)

बारावीचा निकाल लागला की कला शाखेच्या मुलांना ठरलेला प्रश्न येतो: "बी.ए. करून पुढे काय?" माझं मत असं की प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. नव्या शैक्षणिक धोरणानंतरची अनुदानित महाविद्यालयातली बी.ए. ही कमी फीची आणि बरीच लवचिक पदवी आहे. ती वाया जाते ती विषय निवडताना, प्रवेशाच्या खिडकीवरच.

आराखडा बघा. सत्राला २२ क्रेडिट (अभ्यास मोजण्याचं एकक) धरली तर तीन वर्षांची १३२, चौथं ऑनर्सचं वर्ष धरून १७६. निम्मी क्रेडिट मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची. मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, १८ ते २०. ओपन इलेक्टिव्हला १० ते १२, आणि तो विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. नियमानं मायनरही दुसऱ्या विद्याशाखेतलं चालतं. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतूनच मेजर-मायनर निघतं. म्हणजे जूनमध्ये घाईघाईत टिक केलेले तीन विषय पुढची तीन वर्षं ठरवतात.

सगळ्यात मोठं नुकसान अर्थशास्त्रात होतं. दहावीनंतर गणित सुटलेलं असतं. तरीही मूल अर्थशास्त्र घेतं, सोबत राज्यशास्त्र आणि इतिहास. तिसऱ्या वर्षापर्यंत मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या पाठ असतात, पण किमतीत एक टक्का बदल झाला तर मागणी किती हलेल, हे समीकरणातून काढता येत नाही. एम.ए.ला चांगल्या संस्थेत जायचं तर तिथे कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि प्रतिगमन (एका घटकाचा दुसऱ्यावर किती परिणाम होतो हे आकड्यांतून काढणं) लागतं. भारतीय अर्थ सेवेच्या परीक्षेत जनरल इकॉनॉमिक्सच्या पहिल्याच पेपरात संख्यात्मक पद्धतींचा वेगळा भाग आहे. त्याच मुलानं संख्याशास्त्र किंवा गणित जोडलं, तर तीच पदवी बँक, संशोधन संस्था, सर्वेक्षण कंपनी सगळीकडे चालते.

भूगोलाला जीआयएसचा (संगणकावरच्या नकाशांचा) कौशल्य-कोर्स जोडा. मराठीला इंग्रजी किंवा संगणक जोडा. भाषांतर आणि लोकलायझेशनच्या (अ‍ॅप, संकेतस्थळं स्थानिक भाषेत आणण्याच्या) कामात दोन्हींकडची पकड लागते. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र ही तिकडी मात्र एकाच तऱ्हेची उत्तरं तीनदा लिहायला लावते.

गणकयंत्र

तुमचा कागद बरोबर आहे, पण महाविद्यालय कागदावर चालत नाही.

मायनरची यादी विद्यार्थ्याच्या आवडीवर ठरत नाही, उपलब्ध शिक्षकांच्या वर्कलोडवर ठरते. तालुक्याच्या महाविद्यालयात कला शाखेला चार-पाच विभाग असतात. संख्याशास्त्राचा माणूस विज्ञान शाखेत असलाच तर त्याचे तास तिथेच भरलेले असतात. मग बी.ए.च्या मुलासाठी मायनर म्हणून समोर काय येतं? तुम्ही नको म्हणालात तीच तिकडी. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलं हवं, म्हणून सगळ्या वर्गाला मिळून एकच कोर्स दिला जातो.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. जागा रिकाम्या, वर्ग सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावरच्या शिक्षकांवर. तासिका तत्त्वावरच्या माणसाला पैसे मिळतात ते वर्गात उभं राहिलेल्या तासाचे, ऐंशी निबंध घरी नेऊन तपासण्याचे नाहीत. कला शाखेचं खरं शिक्षण वाचणं, लिहिणं, आणि लिहिलेलं कुणीतरी लाल पेननं खोडून परत देणं यात आहे. हा तिसरा टप्पाच गायब आहे. अंतर्गत मूल्यमापनाची असाइनमेंट गाईडमधून उतरवली जाते, सही होते, गुण चढतात. इतिहासाच्या जागी संख्याशास्त्र आलं म्हणून हे बदलणार नाही.

आणि गणित सुटलेल्या मुलाला संख्याशास्त्र मायनर घ्या सांगणं म्हणजे त्याला केटीच्या (नापास विषय मागे राहण्याच्या) वाटेला लावणं. आधी मागचं राहिलेलं गणित भरून काढणारा ब्रिज कोर्स कुठे आहे ते सांगा.

ऑन जॉब ट्रेनिंगची ४ क्रेडिट म्हणजे १२० तास काम. जिल्ह्याच्या ठिकाणी शंभर बी.ए. विद्यार्थ्यांना १२० तासांचं खरं काम देणारी कार्यालयं किती निघतील? प्रमाणपत्रं मात्र शंभर निघतात. या सगळ्याचा दोष सतरा वर्षांच्या मुलाच्या 'निवडी'वर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

अबोली

विषयांच्या जोडीत मानसशास्त्राचा उल्लेख राहिला, आणि सध्या गर्दी तिथेच आहे. पालकांना वाटतं तीन वर्षांत मुलगी समुपदेशक होईल. तसं होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते आणि तिच्यासाठी पदव्युत्तर पातळीवरचं मान्यताप्राप्त, रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामासकटचं प्रशिक्षण लागतं. त्या जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. बी.ए. ही फक्त पहिली पायरी आहे. पदवीनंतरच्या आणखी काही वर्षांची तयारी आणि खर्च गृहीत धरूनच आत या.

संख्याशास्त्राबद्दल मात्र मी नीराकाठ यांच्या बाजूनं. मानसशास्त्रात एम.ए.ला जाऊन अडकणारी मुलं सिद्धांतात अडकत नाहीत, टी-टेस्ट आणि सहसंबंधात अडकतात. प्रबंधाची प्रश्नावली भरून येते आणि मग विश्लेषणासाठी बाहेर पैसे मोजून माणूस शोधतात.

भीमथडी

पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिका भरल्या आहेत त्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी, त्यामुळे त्या बाजूनं लिहितो. बी.ए.ला आता नवं वजन आलं आहे असं माझं मत. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. सामान्य अध्ययनाचे चार पेपर, निबंध आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण, एकूण १७५०. मुलाखत २७५. मराठी-इंग्रजीचे पेपर फक्त पात्रतेपुरते, पण २५ टक्के हवेतच. पर्यायाला गोल करण्याचे दिवस संपले, लिहावं लागतं. वैकल्पिक विषयाचे ५०० गुण मराठी वाङ्मय, इतिहास, समाजशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र यांतून मिळवता येतात. तीन वर्षं तोच विषय मन लावून केलेल्या मुलाची तयारी इतरांच्या पुढेच असणार.

गणकयंत्र

भीमथडी, वैकल्पिक विषय कुणीही घेऊ शकतो. अभियंते मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्र घेऊन केंद्राच्या परीक्षेत वर्षानुवर्षं निवडून येत आहेत. पात्रता कुठलीही पदवी. मग बी.ए.चा फायदा उरला कुठे?

आणि लिहिण्याचं म्हणाल तर दोन लेखनांत फरक आहे. विद्यापीठाच्या पेपरात 'सविस्तर उत्तरे लिहा' म्हणून पानं भरली की गुण मिळतात. मुख्य परीक्षेत केंद्राच्या धर्तीवर तीन तासांत २० प्रश्न येणार: १० गुणांना १५० शब्द, १५ गुणांना २५०. म्हणजे लहान उत्तराला सात मिनिटं, मोठ्याला अकरा. 'समीक्षा करा' आणि 'स्पष्ट करा' यांना वेगळं उत्तर द्यावं लागतं. बी.ए.ची सवय इथे उलट नडते: प्रस्तावनेतच साठ शब्द जातात.

शिवाय निवड झाली नाही तर? पंचविशीत हातात बी.ए. आणि चार रिकामी वर्षं. पदवीच्या बाजूनं बोलताना हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

कोकणकडा

चर्चा अनुदानित महाविद्यालयांभोवती फिरते आहे, पण 'लिबरल आर्ट्स' हे नाव घेऊन पुण्यात सिम्बायोसिस आणि फ्लेम, हरियाणात सोनीपतला अशोका अशी खासगी विद्यापीठं उभी आहेत. तिथे गणकयंत्र यांनी म्हटलेलंच विकत मिळतं: तपासून परत येणारा निबंध; शिवाय लहान वर्ग आणि तत्त्वज्ञानाबरोबर कोडिंग. ते मोलाचं आहे, मी नाकारत नाही. पण खर्च कर्जातून होणार असेल तर आकडा मांडा. २० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं: हप्ता महिन्याला सुमारे २६,४०० रुपये. साडेसात लाखांच्या पुढे बँका सहसा तारण मागतात, म्हणजे घर किंवा शेत गहाण. पहिल्या नोकरीचा पगार हातात पडायच्या आत निम्म्याहून जास्त हप्त्यातच जाऊ शकतो. शिष्यवृत्ती मिळत असेल तर जरूर जा. तारण ठेवून तीन-चार वर्षांच्या अनुभवाला एवढा भाव देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

परदेशात शिकायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी सहसा चालते. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तिथे चौथं वर्ष कामाला येतं. भारतातही चार वर्षांनंतर एम.ए. एका वर्षात होते, आणि ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ची वाट मोकळी आहे.

नीराकाठ

गणकयंत्र, महाविद्यालयात विषय नसतो हे मान्य. म्हणूनच स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ बघा. विद्यापीठाच्या नियमांत बसत असेल तर तिथली क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या डिजिटल खात्यात) जमा होतात. स्वयमवरचा एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा) १२ आठवड्यांचा कोर्स फुकट शिकता येतो, परीक्षेची फी १,००० रुपये. चूक एकाच जागी होते: मुलं कोर्स आधी करतात आणि क्रेडिट चालतील का हे नंतर विचारतात. विभागप्रमुखांची लेखी मंजुरी नोंदणीच्या आधी घ्या, नाहीतर प्रमाणपत्र घरीच राहतं.

गणिताचा ब्रिज अकरावी-बारावीच्या पुस्तकांतूनच होतो: फलन, लॉगॅरिदम, अवकलन, संभाव्यता. बारावीची परीक्षा ते प्रवेश यांच्यातल्या दोन महिन्यांत रोज दीड तास दिला तर पहिल्या सत्रापुरतं भागतं. क्रम मात्र मोडू नका. थेट संभाव्यतेवर उडी मारणारी मुलं शक्यता मोजण्यातच गोंधळतात.

गणकयंत्र

लेखी मंजुरीचा सल्ला चांगला आहे. पण दीड तास रोज कोण बसवणार? शिकवणीची फी देणारं घर बसवेल. शेतात हंगामाला हात लागणारं घर नाही बसवणार, आणि बी.ए.ला येणारी पुष्कळ मुलं त्याच घरांतली आहेत. माझा आक्षेप अजून तिथेच आहे: पदवी चांगली करण्याचं काम आपण विद्यार्थ्यावर सोडतो आहोत.

त्यातही पालकांना करता येण्यासारखं एक काम सांगतो. अर्ज भरण्याआधी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन चार गोष्टी विचारा. मेजरच्या विभागात कायम शिक्षक किती आणि सीएचबीवर किती. मायनरची यादी छापील आहे, की गेल्या वर्षी प्रत्यक्ष वर्ग चालले त्यांची आहे. ऑन जॉब ट्रेनिंगला मागच्या तुकडीतली मुलं कुठल्या कार्यालयांत गेली. आणि मागच्या सत्राची एक तपासलेली असाइनमेंट बघायला मागा. समासात शेरे दिसले तर प्रवेश घ्या. नुसता आकडा आणि सही दिसली, तर दुसऱ्या महाविद्यालयाचा अर्जही भरून ठेवा.