प्रति: संकटात आनंद शक्य आहे का?

वर एका ताईंनी विचारलंय की घरात एकामागोमाग माणसं जात असताना 'प्रभूमध्ये आनंद करा' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठच ना. खूप खरा प्रश्न आहे ताई.

मला अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला पण मनाला खरी शांती मिळायला पुढे आणखी काही वर्षं लागली हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपल्यात लोक लगेच सांगतात प्रार्थना कर, उद्या बरं वाटेल. मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना केडगावला घेऊन आल्या... जिने स्वतः भुकेत आपली माणसं गमावली तीच बाई! तिथे त्यांनी उभ्या केलेल्या मुक्ती मिशन या आश्रमात छपाई, विणकाम, शेती, अंध बायकांना ब्रेल, सगळं शिकवलं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, तरी बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही, एप्रिल १९२२ मध्ये जायच्या आधी पूर्ण केलं.

तुम्हाला कुणी रडू नका म्हणालं तर ऐकू नका, आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूपण रडला होता. आणि एकटीला प्रार्थना जमत नसेल तर चर्चच्या मंडळीतल्या कुणालातरी घरी बोलवा, ते तुमच्या वतीने करतील. मीपण आज रात्री तुमच्या घरासाठी प्रार्थना करतोय.