मदत हवी आहे: मेसच्या बायोगॅस संयंत्राचा सामू (pH, आम्लतेचं माप) टिकत नाही

विद्यापीठाच्या वसतिगृहाचं संयंत्र: गॅस साठवायला तरंगती टाकी, पाचक (खरकटं कुजतं तो हौद) १० घनमीटर. रोज ८० किलो खरकटं दळून, तेवढंच पाणी मिसळून जातं. लिंबाच्या साली, अंड्याची टरफलं आधीच वेगळी काढतात.

सुट्टीनंतर एकदम पूर्ण भरणा (रोजचं सगळं खरकटं) झाला. सामू ६.२. गॅस येतो पण पेटत नाही, म्हणजे मिथेन कमी. आठवडाभर भरणा बंद ठेवून ताजं शेण कालवून घातलं, चुन्याची निवळीही. सामू ७ वर येतो, पाव भरणा सुरू केला की पुन्हा घसरतो. (भात जास्त, तो लवकर आंबतो.) पाचक उपसणं शक्य नाही.

निवळीऐवजी खाण्याचा सोडा दर हजार लिटरला किती घालावा? आणि सामू किती दिवस स्थिर राहिल्यावर भरणा वाढवावा?